उद्यमबागेतल्या भट्टीचा चार्ट: बीगलबोन ब्लॅकवर स्वतः बांधलेलं लिनक्स

बेळगावच्या उद्यमबागेत हीट ट्रीटमेंटचं एक मध्यम आकाराचं शेड आहे. भट्ट्या चार: दोन गॅस कार्बुरायझिंगच्या (पोलादाच्या वरच्या थरात कार्बन मुरवण्याच्या), एक हार्डनिंगची, एक टेम्परिंगची. काम बहुतेक हायड्रॉलिकच्या पार्टांचं असतं, म्हणजे स्पूल, पिस्टन, पंपाचे गिअर. फाउंड्री आणि हायड्रॉलिक हे या शहराचे जुने धंदे, आणि त्यांच्या आधारानेच अशी शेड उभी राहिली. पूर्वी ग्राहक कडकपणा तपासून माल उचलायचा. आता पुण्याकडचा मोठा ग्राहक प्रत्येक बॅचबरोबर तापमानाचा चार्ट मागतो, तोही तारीख-वेळेसकट. त्या चार्टमागे जो लहान बोर्ड, म्हणजे एका पट्टीवरचा छोटा संगणक आहे, त्यावर लिनक्स नव्याने बांधून बसवण्याचं काम माझ्याकडे आलं. त्याची ही सविस्तर नोंद. सीमाभागातल्या लहान कारखान्यांत असे बोर्ड आता जागोजागी दिसतात आणि सगळीकडे अडचण साधारण सारखीच आहे, म्हणून ती लिहून ठेवावीशी वाटली.

चार्टमधून लाईट जाणं गायब

शेडमध्ये आधीच एक बीगलबोन ब्लॅक बसवलेला होता. हा बोर्ड २०१३ साली बाजारात आला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एएम३३५८ प्रोसेसर, १ गिगाहर्ट्झचा एक कॉर्टेक्स-ए८ कोअर, ५१२ एमबी रॅम आणि नंतरच्या आवृत्तीत ४ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली साठवणुकीची चिप). चार तापमान कंट्रोलरशी आरएस-४८५ या तारेच्या जोडणीवर बोलायला एवढं पुष्कळ झालं. बोर्डात मायक्रोएसडी कार्ड, कार्डावर डेबियन या लिनक्सची तयार इमेज (कार्डावर जशीच्या तशी उतरवायची फाईल), आणि त्यावर पायथनची एक स्क्रिप्ट. उन्हाळाभर सगळं सुरळीत चाललं. मृग लागला आणि लाईटचं येणं-जाणं सुरू झालं.

पहिली तक्रार भट्टीवरच्या मामांनी केली. त्यांनी छापलेला चार्ट माझ्यापुढे धरला आणि एका जागी बोट ठेवलं. रेघ ९२० अंशांवर सरळ चालली होती, आणि पुढचाच बिंदू ८६० वर. "साहेब, एवढी मोठी भट्टी अशी एका उडीत गार होते काय कधी?" मग त्यांनी स्वतःची वही काढली. वहीत त्याच दुपारच्या पानावर, शिफ्टच्या कन्नड पोराने सांगितलेलं त्यांनी मराठीत उतरवून ठेवलं होतं: "करंट होय्तु (गेली) ३.१०, आली ३.५०." वहीत चाळीस मिनिटं होती, चार्टमध्ये ती नव्हती.

कारण बोर्डाच्या रचनेत आहे. प्रोसेसरमध्ये घड्याळ आहे, पण बीगलबोन ब्लॅकवर त्याला बॅटरीचा आधार नाही. लाईट गेली की वेळ गेली. तयार डेबियनमध्ये यावर एक सोय असते: वेळ जुळवणारी सेवा शेवटची माहीत असलेली वेळ फाईलमध्ये ठेवते आणि पुढच्या बूटला घड्याळ निदान तिथून तरी सुरू करते. इंटरनेट असलेल्या यंत्रावर हे उत्तमच, कारण थोड्याच वेळात नेटवरून खरी वेळ येते. या शेडमधल्या बोर्डाला इंटरनेट नव्हतं आणि द्यायचंही नव्हतं. त्यामुळे लाईट गेली तेव्हाच्या वेळेपासून घड्याळ पुढे चालू लागायचं, आणि मधला खंड शिवून टाकल्यासारखा नाहीसा व्हायचा. दिवसातून दोनदा लाईट गेली तर संध्याकाळपर्यंत चार्ट तासभर मागे.

कार्बुरायझिंगमध्ये हे गंभीर आहे. पोलादात कार्बन शिरतो तो तापमान आणि वेळ या दोघांच्या हिशोबाने. ठरावीक तापमानाला केसची, म्हणजे कार्बन शिरलेल्या थराची, खोली साधारण वेळेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. ९२० अंशांवर किती तास राहिला, हाच त्या पार्टाचा इतिहास. चार्ट जर चाळीस मिनिटं गिळत असेल तर तो ग्राहकाला खोटं सांगतो, आणि तेही कारखान्याच्या सहीनिशी. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी मला एवढंच सांगितलं: "चार्ट बंद पडला तर मी हाताने लिहून देईन. पण चुकीचा चार्ट माझ्या नावाने जायला नको."

दुसरी तक्रार कार्डाची. लाईट अचानक गेल्यावर कधीतरी बोर्ड उठायचाच नाही. पॉवरचा दिवा लागलेला, पण एरवी हृदयाच्या ठोक्यासारखा लुकलुकणारा निळा दिवा गप्प. यावर शेडमधला तोडगा म्हणजे ड्रॉवरमध्ये ठेवलेली दोन जादा कार्डं, चालू कार्डाच्या नकला. त्यातलं कोणतं ताजं, कोणत्यात कोणता बदल झालेला, कुणालाच ठाऊक नव्हतं. मूळ काम करणारा माणूस दुसऱ्या गावी नोकरीला गेलेला. म्हणजे कारखान्याकडे एक चालतं कार्ड होतं, पण ते कसं तयार झालं याची माहिती नव्हती.

कोणते पर्याय सोडले

बाजारात तयार पेपरलेस रेकॉर्डर मिळतो. एकच भट्टी असती तर मी तोच घ्यायला सांगितलं असतं, बोर्डाच्या वाटेलाच गेलो नसतो. इथे चार भट्ट्या, बोर्ड आणि केबलिंग आधीच बसलेलं, आणि चार्ट मराठी आणि कन्नड दोन्हींत वाचता यावा ही अण्णांची अट.

यूपीएसचं म्हणणं वायरमनने मांडलं. यूपीएस लावावाच, पण त्याच्या भरवशावर राहू नये असं माझं मत आहे. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, आणि ती उतरली हे पुढची लाईट जाईपर्यंत कळत नाही. बोर्डाची तार कुणी कधीही उपटली तरी नोंद खरी राहिली पाहिजे, हे ठरवून बाकीचं त्यावर बेतलं.

लिनक्स बांधण्यासाठी योक्टो आणि बिल्डरूट हे दोन ठळक मार्ग. योक्टो मोठ्या कंपन्यांना सोयीचा: अनेक बोर्ड, अनेक उत्पादनं, पॅकेजं वेगवेगळी अद्ययावत करण्याची गरज. त्याला डिस्कही भरपूर लागते आणि शिकायला वेळही. आमचा बोर्ड एक, काम एक. बिल्डरूट हा मेकफाईल (बांधणीच्या सूचनांची फाईल) आणि कर्नलसारख्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासारख्याच, मेनूवर चालतो. एका संध्याकाळी त्याची रचना डोक्यात बसते. शिवाय दरवर्षी फेब्रुवारीत येणारी त्याची आवृत्ती दीर्घकाळ सांभाळली जाते. आम्ही २०२५.०२ धरली आणि तिथेच खिळा ठोकला.

बांधणी

माझ्यासोबत शेवटच्या वर्षाची दोन मुलं होती, खानापूरचा एक मुलगा आणि निपाणीची एक मुलगी. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून बेळगावातच आहे, इंजिनिअरिंगची मुलं इथे पुष्कळ. पण ज्यांनी सीरियल कन्सोलवर (तारेने लॅपटॉपवर दिसणाऱ्या बोर्डाच्या मजकुरात) बोर्ड उठताना पाहिलाय अशी थोडी. हे काम त्यांच्या हातून व्हावं अशी माझी मनापासून इच्छा होती.

मुलाच्या लॅपटॉपवर विंडोज आणि आत डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्ये चालणारं लिनक्स. बिल्डरूटने सुरुवातीलाच नकार दिला: पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या रस्त्यांच्या यादीत) स्पेस आहे. विंडोजचे 'प्रोग्राम फाईल्स'सारखे रस्ते डब्ल्यूएसएलच्या पाथमध्ये आपोआप येतात, आणि मेकफाईलला स्पेस पचत नाही. पाथ साफ केला. दुसरी गोष्ट, त्याने फोल्डर सी ड्राइव्हवर ठेवलं होतं. तिथे इंग्रजीची लहान आणि मोठी लिपी एकच धरली जाते, आणि लिनक्स कर्नलच्या सोर्समध्ये केवळ लिपीच्या फरकाने वेगळ्या असणाऱ्या फाईली आहेत; एक दुसरीला खाऊन टाकते. काम डब्ल्यूएसएलच्या स्वतःच्या फाईलसिस्टीमवर हलवल्यावर दोन्ही प्रश्न मिटले. मुलीच्या लॅपटॉपवर उबंटू होतं, तिला यातलं काही आडवं आलं नाही.

नेटचा प्रश्न मात्र दोघांनाही होता. शेडमध्ये मोबाईलच्या हॉटस्पॉटवर शेकडो एमबी उतरवणं म्हणजे दिवस घालवणं. त्यासाठी बिल्डरूटमध्ये 'मेक सोर्स' आहे: लागणारे सगळे सोर्स आधी उतरवून घेतो, बांधणी करत नाही. घरच्या ब्रॉडबँडवर रात्री हे चालवलं, डाउनलोडचं फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर घेतलं, आणि शेडमध्ये नेटशिवाय बांधणी केली. हे फोल्डर पुढेही जपायचं आहे. दहा वर्षांनी मूळ दुवे जागेवर असतीलच असं नाही. फाईल आपल्याकडे असली की बिल्डरूट तिचा हॅश (फाईलवरून काढलेला ओळखीचा आकडा) ताडून पाहतो आणि पुढे जातो.

कम्पायलर स्वतः बांधायचा की तयार घ्यायचा? आम्ही बूटलिन या कंपनीची तयार टूलचेन (कम्पायलर आणि सोबतची अवजारं) घेतली. बिल्डरूटच्या मेनूतच ती मिळते आणि पहिल्या बांधणीचा मोठा वेळ वाचतो.

बांधणी चालू असताना शेडमधल्या डेस्कटॉपची लाईट गेली, तेव्हा मुलगा हबकला. सगळं पहिल्यापासून करावं लागणार असं त्याला वाटलं. बिल्डरूट प्रत्येक पॅकेजच्या प्रत्येक टप्प्यानंतर एक शिक्क्याची फाईल ठेवतो: सोर्स उलगडला, कॉन्फिगर झालं, बांधलं, बसवलं. 'मेक' पुन्हा दिल्यावर तो शेवटच्या शिक्क्यापासून पुढे जातो. जे पॅकेज अर्ध्यात कापलं गेलं तेवढं 'डर्क्लीन' करून, म्हणजे पुसून, पुन्हा बांधायचं. एक वेगळा धडा मात्र वेळ घेऊन गेला. नोंदीचा प्रोग्राम आम्ही सी भाषेत लिबमॉडबसवर (कंट्रोलरशी बोलायच्या मॉडबस पद्धतीची लायब्ररी) नव्याने लिहिला, म्हणून मेनूतून पायथन काढला. तरी इमेजमध्ये पायथन होताच. टार्गेटचं फोल्डर भरत जातं, मेनूतली खूण काढली म्हणून आधी बसलेल्या फाईली निघत नाहीत. असं काही काढलं की 'मेक क्लीन' करून पूर्ण बांधणी करायची. हाती येणारी इमेज नेहमी कोऱ्या बांधणीतून आलेलीच असावी, हा नियम आम्ही तिथून घातला.

बोर्ड उठतो कसा

सीरियल केबलशिवाय हे काम करू नये. बीगलबोन ब्लॅकवर जे१ नावाची सहा पिनांची पट्टी आहे: पहिली पिन ग्राउंड, चौथी रिसीव्ह, पाचवी ट्रान्समिट. केबल ३.३ व्होल्टचीच हवी; या बोर्डाच्या पिना ५ व्होल्ट सहन करत नाहीत. वेग ११५२००.

पहिल्या दिवशी स्क्रीनवर फक्त इंग्रजी 'सी' अक्षर येत होतं. एक, मग दुसरं, मग तिसरं, ओळ भरत चाललेली. मुलीने विचारलं, "सर, हा क्रॅश आहे काय?" बोर्ड व्यवस्थित होता. प्रोसेसरच्या आत रॉममध्ये कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्राम असतो. तो ठरलेल्या क्रमाने एकेका ठिकाणी बूटची फाईल शोधतो, आणि कुठेच सापडली नाही की सीरियलवरून एक्समोडेम या पद्धतीने फाईल मागू लागतो. ते 'सी' म्हणजे त्याची मागणी.

रॉमला हवी असते 'एमएलओ' नावाची फाईल, कार्डाच्या फॅट पार्टिशनवर. हा यू-बूटचा, म्हणजे लिनक्स उठवून देणाऱ्या प्रोग्रामचा, पहिला, आखूड तुकडा. प्रोसेसरच्या आतल्या शंभरेक केबी रॅममध्ये मावेल एवढाच, कारण बाहेरची डीडीआर रॅम अजून जागी झालेली नसते. तिला जागं करणं हेच एमएलओचं मुख्य काम. मग तो पूर्ण यू-बूट डीडीआरमध्ये आणतो, यू-बूट कर्नल आणि डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय काय जोडलंय त्याची यादी) आणतो, आणि कर्नल रूट फाईलसिस्टीम (सगळे प्रोग्राम जिथे असतात ती) जोडतो. या साखळीतली कोणती कडी तुटली हे सीरियलवरची शेवटची ओळ सांगते. आमच्याकडे पहिलीच कडी तुटलेली होती: मुलांनी कार्ड हाताने फॉरमॅट करून फाईली कॉपी केल्या होत्या आणि पार्टिशनवर बूटची खूण नव्हती. बिल्डरूट स्वतः 'एसडीकार्ड' नावाची पूर्ण इमेज बनवतो, पार्टिशनसकट. ती जशीच्या तशी कार्डावर उतरवायची. हाताने पार्टिशन करण्याचं काम राहतच नाही.

नंतरचं कोडं जास्त फसवं. नवं कार्ड घातलं तरी जुनंच डेबियन उठायचं. बोर्ड मुळात आधी ईएमएमसी पाहतो, आणि तिथे जुना यू-बूट बसलेला होता. कार्डावरून उठवायचं तर एस२ बटण दाबून धरून वीज द्यायची. इथे एक बारकी गोष्ट आहे: हे बटण वीज येण्याच्या क्षणीच वाचलं जातं. एस२ धरून रीसेट दाबलं तर उपयोग नाही. तार काढून पुन्हा घालावी लागते. मुलांनी कितीदा रीसेट दाबून पाहिलं असेल.

शेवटी इमेज ईएमएमसीवर नेली आणि कार्ड बोर्डातून काढूनच टाकलं. सॉकेटमधलं कार्ड भट्टीच्या शेडमध्ये धूळ, उष्णता आणि हात या तिन्हींना उघडं असतं. कर्नलच्या आवृत्तीप्रमाणे आणि कार्ड आत आहे की नाही त्याप्रमाणे ईएमएमसीचं नाव बदलू शकतं, म्हणून रूट कुठे आहे हे नावाने सांगितलं नाही, पार्टिशनच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाने सांगितलं.

वेळ आणि तार

स्वतःची बॅटरी असलेलं डीएस३२३१ हे घड्याळ आय-स्क्वेअर-सी या दोन तारांच्या जोडणीवर जोडलं: पी९ पट्टीच्या १९ आणि २० क्रमांकाच्या पिना, पत्ता हेक्समध्ये ६८. ० ते ४० अंशांत याची चूक दशलक्षात २ च्या आत, म्हणजे वर्षाला मिनिटभर. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करणारा एक डायोड-रेझिस्टर असतो, आणि दुकानदार सोबत देतात ती सीआर२०३२, जी चार्ज करायची नसते. ५ व्होल्ट दिले तर धोका. आम्ही ३.३ व्होल्ट दिले, जे बोर्डाच्या पिनांनाही हवेत, आणि तो रेझिस्टर उचलून टाकला.

कर्नलला हे घड्याळ डिव्हाइस ट्रीमधून सांगायचं. मूळ फाईलला हात लावला नाही. स्वतःची एक फाईल केली, तिच्यात बीगलबोन ब्लॅकची मूळ फाईल ओढून घेतली आणि खाली आपल्या चार गोष्टी लिहिल्या. प्रोसेसरचं आतलं घड्याळ सहसा पहिला क्रमांक पटकावतं आणि कर्नल बूट होताना पहिल्या घड्याळाचीच वेळ घेतो. म्हणून उपनाव देऊन डीएस३२३१ ला पहिला क्रमांक दिला, आणि त्याचा ड्रायव्हर मॉड्यूल न ठेवता कर्नलमध्येच बांधला.

बॅटरी संपली तर? घड्याळ मधे थांबलं होतं याची खूण चिप स्वतः ठेवते, आणि ड्रायव्हर बूट होताना वेळ लावा असा इशारा छापतो. आमचा प्रोग्राम हा इशारा पाहतो, शिवाय आत्ताची वेळ शेवटच्या नोंदीच्या मागे नाही ना हेही पाहतो. यातलं काहीही खटकलं तर तो चार्टवर वेळच छापत नाही. त्या जागी 'वेळ तपासा' येतं. अण्णांच्या अटीत हे तंतोतंत बसतं.

आरएस-४८५ चा दोष खूप दिवस थर्मोकपलच्या (भट्टीतलं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या) माथी मारला जात होता. अधूनमधून एखाद्या भट्टीचं वाचन यायचंच नाही. या तारेवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. जुनी स्क्रिप्ट बोलून झाल्यावर ट्रान्समीटर बंद करण्याची पिन स्वतः हलवायची. ९६०० च्या वेगाला एक अक्षर साधारण एका मिलिसेकंदाचं, आणि मॉडबसमध्ये दोन निरोपांमधली शांतता साडेतीन अक्षरांची, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. पायथनला तेवढ्यात दुसरं काम लागलं की पिन उशिरा हलायची आणि कंट्रोलरच्या उत्तराचं पहिलं अक्षर तुडवलं जायचं. हे काम कर्नलच्या सीरियल ड्रायव्हरला डिव्हाइस ट्रीतूनच सोपवता येतं. सोपवलं, आणि वाचनं गळणं थांबलं. जोडीला आयसोलेटेड ट्रान्सीव्हर, शेवटच्या टोकाला १२० ओहमचा रेझिस्टर, आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ. भट्टीचे कॉन्टॅक्टर पडतात तेव्हा पॅनेलमध्ये जो आवाज (नॉइज) विजेत उठतो, त्याला एवढं लागतंच.

काय लिहायचं आणि काय कधीच लिहायचं नाही

रूट फाईलसिस्टीम स्क्वॉशएफएस, म्हणजे फक्त वाचता येणारी. चालू यंत्रात त्यावर काही लिहिताच येत नाही, त्यामुळे लाईट कधीही गेली तरी तिथे अर्धवट काही राहायला जागा नाही. लॉग आणि तात्पुरत्या फाईली रॅममध्ये. नोंदींसाठी एक वेगळं, लिहिता येणारं ईएक्सटी४ पार्टिशन, आणि बूट होताना जोडण्याआधी त्याची तपासणी. ते पार्टिशन बिघडलं तरी बोर्ड उठतो आणि नोंद होत नाही असं पानावर ठळक दाखवतो.

नोंद म्हणजे मजकुराची एक ओळ: वेळ, भट्टी, वाचन, सेट पॉइंट, शेवटी चेकसम (ओळ पुरी आहे ना हे ताडायचा आकडा). प्रत्येक ओळीनंतर ती खरोखर ईएमएमसीवर गेल्याची खात्री करूनच पुढे जायचं. डेटाबेस घालावा असं मुलांना वाटत होतं; मी नको म्हटलं. लेखापरीक्षणाला आलेला माणूस साध्या ओळी कुठल्याही संपादकात उघडून वाचू शकतो, आणि अर्धी राहिलेली शेवटची ओळ चेकसमवरून लगेच ओळखू येते. बूट झाल्यावर पहिली ओळ लिहिली जाते ती खंडाची: शेवटचं वाचन अमुक वेळेचं, बोर्ड उठला तमुक वेळेला. चार्टवर तेवढ्या जागेत रेघ तुटते आणि राखाडी पट्टा येतो.

वॉचडॉगबद्दल माझा आग्रह आहे. या प्रोसेसरमध्ये तो आहेच. ठरल्या वेळेत कुणी त्याला हाक दिली नाही तर तो बोर्ड रीसेट करतो. बिझीबॉक्स या लहान आज्ञांच्या संचात हाक देणारी छोटी आज्ञा मिळते, आणि पुष्कळ जण तीच लावून देतात. मग नोंदीचा प्रोग्राम अडकून पडला तरी ती आज्ञा हाका देत राहते आणि बोर्ड बाहेरून ठणठणीत दिसतो. आमच्याकडे हाक नोंदीचा प्रोग्रामच देतो, तीही ओळ लिहून झाल्यावर.

नवी आवृत्ती बसवण्यासाठी दोन खान्यांची व्यवस्था करतात: एकात जुनी, एकात नवी, नवी उठली नाही तर आपोआप जुनी. डोंगरावरच्या टॉवरमध्ये बोर्ड असता तर मी ती केलीच असती. इथे बोर्ड हाताच्या अंतरावर आहे. कार्ड घालायचं, एस२ धरून वीज द्यायची, ईएमएमसीवर नवी इमेज उतरते, कार्ड काढायचं. नोंदींच्या पार्टिशनला ते कार्ड शिवत नाही.

चार्ट बोर्डावरच्या पडद्यावर दाखवला असता तर देवनागरी आणि कन्नड जोडाक्षरं नीट बसवण्यासाठी हार्फबझ, फॉन्ट आणि ग्राफिक्सचा सगळा पसारा इमेजमध्ये आला असता. बोर्ड साधं वेबपान देतो आणि अक्षरं जुळवण्याचं काम फोनचा ब्राउझर करतो. मजगाव-मच्छेहून येणारे मराठीत वाचतात, बैलहोंगलकडचे कन्नडमध्ये. राखाडी पट्ट्यावर एकीकडे 'लाईट नव्हती', दुसरीकडे 'करंट इरलिल्ल'. मामांनी पहिल्याच दिवशी पट्ट्याची वेळ वहीशी ताडून पाहिली, आणि मग वही बंद करा असं मी म्हटलं नाही. ती चालू राहावी.

सुपूर्द करताना

सगळं एका गिट फोल्डरमध्ये (ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते) आहे: बिल्डरूटच्या बाहेरचं आमचं फोल्डर, त्यात डेफकॉन्फिग (मेनूतल्या निवडींची फाईल), डिव्हाइस ट्री, प्रोग्राम, पार्टिशनची आखणी. बिल्डरूटच्या मूळ फोल्डरमध्ये एकही ओळ बदललेली नाही. सोबत डाउनलोडची डिस्क. कामात नसलेल्या एका तिसऱ्या विद्यार्थ्याला फक्त हे दोन आणि एक पानभर सूचना दिल्या, आणि आम्ही काही बोललो नाही. त्याने बांधलेली इमेज बोर्डावर चढवली तेव्हा मामांना फरक कळला नाही. ड्रॉवरमधली जुनी कार्डं त्यानंतर अण्णांनी माझ्याकडे दिली.

अण्णांच्या ओळखीच्या दोन शेडना हाच बोर्ड हवा आहे. म्हणून 'मेक लीगल-इन्फो' चालवून लायसन्सचा गठ्ठाही काढला. कर्नल, यू-बूट, बिझीबॉक्स हे जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सचे. बोर्ड दुसऱ्याला दिला की त्यांचा सोर्स मागणाऱ्याला देणं बंधनकारक आहे. बिल्डरूट हे सगळं एका फोल्डरमध्ये जमा करून देतो, त्यामुळे टाळायला कारण उरत नाही.

तार उपटण्याची परीक्षा मामांनी घेतली. भट्टी चालू नसताना, नोंद चालू ठेवून, एमसीबी पाडायचा आणि उचलायचा. कधी लगेच, कधी चहा पिऊन आल्यावर, कधी बोर्ड अर्धवट उठलेला असताना. रूट शाबूत राहिली, आणि नोंदींत फार तर शेवटची ओळ अर्धी.

पावसाळ्यात एक गोष्ट राहिली होती ती दिसली. इथे लाईट येते तेव्हा एकदम येत नाही. दोन-तीनदा डोळे मिचकावते, मग स्थिर होते. तेवढ्यात बोर्डाचा ५ व्होल्टचा पुरवठा अर्धवट चढतो आणि पडतो, आणि एखाद्या वेळी बोर्ड उठला तरी नेटवर्क उठत नाही. नोंद चालू असते, पण फोनवर पान दिसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये यावर उपाय करत बसण्यापेक्षा वायरमनचा उपाय चांगला निघाला: पॅनेलमध्ये एक ऑन-डिले टायमर, लाईट स्थिर झाल्यावर दहा सेकंदांनी बोर्डाला वीज देणारा. चार्टवरचा राखाडी पट्टा तेवढ्याने दहा सेकंद रुंद होतो, आणि त्याचं कारण पानाच्या तळाला लिहून ठेवलं आहे. टायमर पहिल्या शेडमध्ये बसला आहे. दुसऱ्या दोन शेडच्या पॅनेलच्या ड्रॉइंगमध्ये तो आधीच घातला आहे.